ज्याच्या हातचं खाते, त्याले आना

आमच्या तालुक्यात अंगावर धावून येणारे जीव काही कमी नाहीत. वाघ आहे, अस्वल आहे, रानडुक्कर तर हक्कानं शेतात येऊन बसतं. पण हे सगळे एका रांगेत उभे केले आणि समोर माझ्या शेजारच्या ढोरडॉक्टर बाईंना आणलं, तर आधी कोण मागं सरकेल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणतात, चक्रम म्हणतात, 'म्हातारीच्या डोक्याचे स्क्रू ढिले' असंही म्हणतात. मी म्हणतो, म्हणा. तोंड तुमचं आहे. मात्र माझ्या दुकानात उभं राहून म्हणायचं असेल तर तुमचा फॉर्म भरला जाणार नाही. सर्व्हर डाऊन आहे असं मी सांगेन, आणि तो संध्याकाळपर्यंत डाऊनच राहील.

वैनगंगेच्या या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात, आमचं बाजाराचं गाव. बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या छपराखाली एका भिंतीनं जोडलेल्या दोन खोल्या आहेत. एकीत मी बसतो : ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. दुसरीत बाईंचा दवाखाना होता. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे पलीकडे बकरी शिंकली तरी इकडे माझ्या गिऱ्हाइकाची सही हलायची. बाई मूळच्या गोंडपिपरीकडच्या. वडिलांनी माजरीच्या कोळशाच्या खाणीत जन्म काढला आणि पोरीला नागपूरला पाठवून ढोरांची डॉक्टर केलं. नात्यातले लोक म्हणायचे, शिकवायचीच होती तर माणसांची डॉक्टर तरी करायची. त्यावर वडिलांनी दिलेलं उत्तर बाई मोठ्या अभिमानानं सांगायच्या : "मानसं बोलून दाखवतेत काय दुखते म्हून. जे बोलत नाई, त्याले डॉक्टर जास्त लागते." सरकारी नोकरीत त्यांनी तीस वर्षं काढली आणि साहेबलोकांना उलट उत्तरं देण्याच्या सवयीपायी कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत सगळा जिल्हा सरकारी खर्चानं पाहून घेतला. निवृत्त झाल्यावर लेकीनं नागपूरला बोलावलं, तर म्हणाल्या, "तिथी कुत्र्याले मुतायले लिफ्टनं खाली नेतेत. मले नाई पायवत." आणि आमच्या गावात येऊन बसल्या.

दवाखान्यात एका भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक काळा विळा. नवा माणूस विळ्याकडे पाहून बिचकायचा, आणि बिचकावं म्हणूनच तो टांगलेला होता. आमच्याकडे बैल लंगडला, गाय फुगली की विळा तापवून डाग द्यायची जुनी खोड आहे. एका पाटलानं आधी बैलाला चार डाग दिले आणि मग त्याला टेंपोत घालून बाईंकडे आणलं. बाईंनी बैलाला हात लावायच्या आधी पाटलाला परत घरी पाठवलं आणि डाग दिलेला विळाच मागवून घेतला. तो कायमचा भिंतीवर गेला. त्यानंतर कोणी "थोडासा डाग देला होता, बाई" असं चाचरत म्हणालं की बाई विळा खाली काढायच्या, स्टोव्ह पेटवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "तुहा गुडघा दुखते म्हनत होता ना? कुठी देऊ सांग." गेली चार वर्षं गुडघा धरून चालणारा एक म्हातारा त्या दिवशी दवाखान्यातून बसस्टँडपर्यंत पळत गेलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याची गाय मात्र जागची हलली नाही.

जनावरांशी बोलताना बाई अहो-जाहो करायच्या आणि माणसांशी अरे-तुरे. म्हशीला, "या, बसा, काय म्हन्ते पोट?" आणि म्हशीच्या मालकाला, "तू काऊन खांबासारखा उभा आहेस बे, शेपूट धर." रजिस्टरात नाव लिहायचं तेही जनावराचं. मालकाचं नाव कंसात, तेसुद्धा जागा उरली तर. जनावराला नाव नसेल तर तपासणी नाही. एकदा एकजण मान टाकलेली कोंबडी घेऊन आला. बाईंनी पेन उघडलं, "नाव?" तो म्हणाला, "कोंबडी." बाई म्हणाल्या, "तुहं नाव मानूस आहे काय?" बिचारा गडबडला आणि तोंडात आलं ते नाव सांगून बसला. ते त्याच्या सासूचं निघालं. बाईंनी ठळक अक्षरात लिहून घेतलं, 'शेवंताबाई, वय दीड वर्ष, अंगात कणकण', आणि औषध दिलं. शेवंताबाई चार दिवसांत ठणठणीत झाल्या. पण पुढं घरी पाहुणे आले, रस्सा करायचा ठरला, आणि बायकोच्या देखत शेवंताबाईंच्या मानेला हात घालायची त्या गड्याची काही हिंमत होईना. अशा रीतीनं दोन पोळे आणि तीन दिवाळ्या उलटल्या. गावात म्हातारपणानं मेलेली ती एकच कोंबडी असेल.

पण बाईंचा खरा कायदा वेगळाच होता. तो त्यांनी मला मोठ्या अक्षरात छापायला लावला आणि दवाखान्याच्या दारावर चिकटवला : 'ज्याच्या हातचं खाते, त्याले आना.' म्हणजे आजारी जनावराबरोबर त्याचा मालक येऊन उपयोग नाही, त्याला रोज जो खायला घालतो तो माणूस हजर पाहिजे. बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय खाल्लं?" आणि त्याचं उत्तर मालकाला कधीच ठाऊक नसतं असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. मी आमची मांजर, बटन, पिशवीत घालून नेली आणि दहा मिनिटं तिच्या दुखण्याचं वर्णन केलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हिले जेवन कोन देते?" मी म्हटलं, घरी देतात. "घरी म्हंजे कोन?" बायको, म्हटलं. "मंग तू काऊन आला?" मी निमूट घरी जाऊन बायकोला घेऊन आलो. बायकोनं दोन मिनिटांत बटनचा सगळा इतिहास सांगितला आणि ओघाओघात माझाही सांगितला. तेव्हापासून त्या दोघींची मैत्री झाली आणि माझ्या घरातल्या भानगडी मला एका विटेच्या भिंतीपलीकडून कळू लागल्या.

या कायद्याचा सगळ्यात मोठा दणका बसला तो आमच्या गावच्या ठेकेदाराला. त्यानं कुठून तरी बर्फातलं कुत्रं आणलं होतं, निळ्या डोळ्यांचं, लांडग्यासारखं. आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं आणि कावळे सावलीतून सावलीत उडतात, तिथं हे कुत्रं अंगात दुलई घालून जन्माला आलेलं. ठेकेदार त्याला एसी गाडीतून घेऊन आला आणि रांग सोडून थेट आत शिरला. बाई एका बकरीच्या खुरातला काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहिले घरी जाऊन स्वेटर घालून ये. मंग दोघाईले संगच तपासतो." ठेकेदार हसला, त्याला गंमत वाटली. मग बाईंनी विचारलं, "याले खाऊ कोन घालते?" तो म्हणाला, "मीच की." बाईंनी कुत्र्याला विचारलं, "काहो, हे घालतेत?" कुत्र्यानं तोंड फिरवलं. शेवटी निघालं असं की खायला घालते ती धुणीभांडी करणारी बाई. तिला आणायला गाडी परत गेली, आणि येताना कुत्रं तिच्या मांडीवरून उतरेना, म्हणून ती पुढच्या सीटवर आणि ठेकेदार मागं, असे ते आले. तिनं सगळं खरं सांगितलं : साहेब रोज आइस्क्रीम घालतात, मॅडम पनीर घालतात, आणि मी लपून भात-वरण घालते म्हणून ते अजून जिवंत आहे. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेकेदाराला सांगितलं की औषधाचा कागद हिच्या हातात जाईल, तू फक्त गाडी पाठव. ठेकेदारानं गावभर बाईंची बदनामी केली, पण दर महिन्याला गाडी यायची आणि ती धुणीभांडीवाली पुढंच बसलेली असायची.

माझा स्वतःचा छळ वेगळाच होता. बाईंकडे बटणाचा जुना फोन, त्यात फोटो येत नसत. म्हणून त्यांनी मला न विचारता सगळ्या तालुक्याला माझा नंबर देऊन टाकला. जनावराला हगवण लागली की आधी शेणाचा फोटो पाठवायचा, असा त्यांचा हुकूम. त्यामुळे माझ्या मोबाइलमध्ये माझ्या लग्नाचे फोटो सत्तावीस आणि शेणाचे चारशे. एखाद्या पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरत असावं, तिचा बाप शेजारी आदबीनं उभा असावा, आणि स्क्रीनवर अचानक एखाद्या गोऱ्ह्याचं पातळ शेण उमटावं. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, माझा धंदा आहे." बाई म्हणाल्या, "त्याचा जीव आहे." मी फोटो मोठा करून दाखवला.

आता शिंगाड्याची गोष्ट सांगतो, कारण बाईंना चक्रम म्हणणारे सगळे हीच गोष्ट पुढं करतात आणि नेहमी अर्धीच सांगतात. शिंगाड्या म्हणजे ढिवर मोहल्ल्यातल्या एका बुढीचा कुत्रा. काळाकभिन्न, कान शिंगाड्यासारखे टोकदार. बुढीचा नवरा तळ्यात मासे धरायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. लेक लग्न होऊन दूर गेली. उन्हाळ्यात तळं आटलं की बुढीचा आधार म्हणजे मोहफुलं. ती वेचायला फटफटायच्या आधी जंगलात जावं लागतं, आणि आमच्या जंगलात वाकून मोह वेचणाऱ्या बायांना वाघानं उचलल्याच्या गोष्टी सांगायला दूर जावं लागत नाही. बुढी एकटी जायची, कारण तिच्या पुढं शिंगाड्या चालायचा. "तो थांबला का मी थांबतो. तो चालला का मी चालतो," ती म्हणायची. तो नसता तर तिला जंगलात पाऊल टाकता आलं नसतं, आणि जंगल नसतं तर चूल पेटली नसती. इतका साधा हिशोब होता.

यात आणखी एक भानगड होती. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात गेलं की दुकानं उघडी, पण अलीकडे कोणाच्या घरी मडक्यात कुजवलेली मोहफुलं सापडली तर पोलीस उचलून नेतात. दारू गाळण्यासाठी कुजवलेल्या या मोहाला सडवा म्हणतात. बुढी थोडा मोह वाळवून विकायची आणि थोड्याचं काय करायची, हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि विचारलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. आज मी हे लिहितो आहे कारण ती मडकी कधीच फुटली. तरी कोणाला चौकशी करायचीच असेल तर माझ्या दुकानात यावं. तिथलं सर्व्हरचं मी सांगितलंच आहे.

तर चैत्रातला बाजाराचा दिवस. ऐन दुपारी शिंगाड्या बाजारात शिरला तो डोलत. चार पावलं सरळ, दोन आडवी. तोंडातून लाळ, डोळे लाल. भाजीच्या ढिगावर पडला, उठला, परत पडला. कोणी तरी ओरडलं, "पिसाळला!" झालं, बाजार फुटला. कापडवाल्यानं लोखंडी मीटरपट्टीनं त्याच्या बरगडीत ढोसलं आणि शिंगाड्यानं त्याच्या पोटरीला दात लावला. मग काठ्या निघाल्या, दगड निघाले. शिंगाड्या भेलकांडत आमच्या गल्लीत आला आणि बाईंच्या दवाखान्यात बाकाखाली घुसला. त्याच्यामागं पन्नास-साठ माणसं. मी कुठं होतो म्हणून विचाराल, तर काउंटरवर पाय वर घेऊन बसलो होतो. लाज वाटते, पण खरं ते खरं.

बाई बाहेर आल्या आणि जाळीचं दार ओढून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. उंची पाच फूट, अंगात मळका ॲप्रन, हातात काही नाही. कापडवाला म्हणाला, "बाई, बाजूले व्हा. त्याले मारा लागते." बाई म्हणाल्या, "पहिले तू नळावर जा. साबन लावून पंधरा मिनिटं पाय धू, आनि तसाच सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घे. हा जगो का मरो, तुले सुई घ्याच लागते. जा. इथी उभा राहून राह्यला म्हून जखम भरत नाई." तो गेला, कारण भ्यायला होता. बाकीचे हलेनात. कोणी म्हणालं, लेकरं आहेत गावात. ते काही चूक नव्हतं, आणि बाईंनीही ते चूक म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "दहा दिवस हा माह्या खोलीत बंद रायते. पिसाळला असन तं दहा दिवसांत मरते. मेला तं तुमचं खरं, माह्या तोंडाले काळं फासा. जगला तं माहं." मागून एकजण ओरडला, "ग्यारंटी काय?" बाई म्हणाल्या, "ग्यारंटी फ्रीजची भेटते. घेऊन ये दुकानातून."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बुढी आली. डोक्यावरचा पदर पडलेला, धाप लागलेली. सगळे तिच्याकडे वळले, कारण आता काय होणार हे गावाला पाठ होतं. ज्याच्या हातचं खाते ती आली होती. आता बाई विचारणार, काय खाल्लं, आणि कोणालाही खरं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. बाई आत गेल्या, बारदाना टाकून शिंगाड्याला धरलं, त्याच्या तोंडापाशी वाकल्या. मग डावा हात पदराखाली घेत बाहेर आल्या. जाळी उघडली तेव्हा जो वास बाहेर आला तो माझ्या काउंटरपर्यंत पोचला. आमच्याकडे तो वास पाळण्यातलं लेकरूसुद्धा ओळखतं. कुत्र्यानं पोटभर सडवा खाल्ला होता. बाई एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तरी गर्दी पोट धरून हसली असती आणि घरोघर गेली असती. पण गर्दीत दोन पोलिसही होते, आणि पुढचा प्रश्न 'कोणाचा सडवा' हाच आला असता. बुढी खाली बघत उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. आमच्या गावात आल्यापासूनच्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "घरी जा, माय. दहा दिवसांनी ये." आणि पोलिसानं विचारलंच, "बाई, कायनं झालं हो असं?" तर त्याला म्हणाल्या, "मी इलाज करतो. पंचनामा तुहं काम आहे."

ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गाजलेले दिवस. गाव तापलेलं होतं. कोणी बाईंविरुद्ध निवेदन लिहून आणलं आणि टाइप करायला माझ्याकडेच दिलं, पण प्रिंटरची शाई संपली होती. शाई बाईंच्या कागदांसाठी मात्र पुरत होती. रोज सकाळी त्या मला एक ओळ सांगायच्या, मी मोठ्या अक्षरात छापायचो आणि त्या तो कागद दारावर चिकटवायच्या. 'दिवस पहिला. शिंगाड्या जिवंत. झोपून आहेत.' 'दिवस दुसरा. शिंगाड्या जिवंत. डोकं धरून बसले आहेत.' 'दिवस तिसरा. पाणी प्याले. लोकांनी येऊन पाहावे.' लोक खरंच यायचे, जाळीतून पाहायचे. 'दिवस पाचवा. कापडवाले पोटरी दाखवायला आले होते. शिंगाड्या भुंकले.' बुढी रोज दुपारी भात आणायची. बाई तिला आत जाऊ देत नसत, ताटली काठीनं सरकवायच्या. ती जाळीबाहेर बसून राहायची, जंगलात जायची नाही, आणि मोहाचे तेच तर दिवस होते. सातव्या दिवशी माझ्या बायकोनं तिला घरी नेऊन जेवायला घातलं. मी तेवढाही धीटपणा केला नाही, फक्त जास्तीचे कागद छापत राहिलो.

दहाव्या दिवशी सकाळी जाळी उघडली. शिंगाड्या बाहेर आला, चार पायांवर सरळ चालत, आणि बुढीच्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला. बघायला जमलेले लोक एकेक करून पांगले. मीटरपट्टीवाला "ऊन लागलं असन कुत्र्याले" एवढं म्हणाला आणि माफी मागितल्यासारखं तोंड करून गेला. कोणीच नाही असं पाहून बाईंनी बुढीला बाकावर बसवलं आणि हळू आवाजात झापायला सुरुवात केली. सडवा उघड्यावर काऊन ठेवते, जनावराचा जीव जात होता, तुहा जात होता. बुढी ऐकत होती. मग मान वर करून म्हणाली, "मंग खाऊ काय मी, बाई?" भिंतीपलीकडे मी कान लावून होतो. साहेबांना, ठेकेदाराला, पोलिसाला, सगळ्यांना तोंडावर उत्तर देणाऱ्या बाईंनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवलेला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "मडक्यावर झाकन ठेव. जड ठेव."

यानंतर दोनेक आठवड्यांनी बाईंनी काही कागद झेरॉक्सला दिले. त्यात सरकारी दवाखान्याचं एक कार्ड होतं, कुत्रा चावल्यावर देतात त्या सुईचं. नाव बाईंचं. दोन तारखा, एक त्या बाजाराच्या दिवसाची आणि दुसरी तीन दिवसांनंतरची. तेव्हा मला तो पदराखाली घेतलेला हात आठवला. मी कार्ड घेऊन पलीकडे गेलो. म्हटलं, "बाई, तुम्हाला तर वास आला होता. तुम्हाला खात्री होती ना?" त्या एका पिल्लाच्या कानातल्या गोचिड्या काढत होत्या. म्हणाल्या, "दारू प्यालेला कुत्रा पिसाळत नाई असं कोनत्या पुस्तकात आहे? वास आला म्हून खात्री होत नाई, भाऊ. खात्री असती तं मी एकच दिवस मागतला असता." आणि पिल्लाला म्हणाल्या, "हलू नका हो." साठ माणसांसमोर ती बाई अंदाजावर उभी होती, हाताला दात लागलेला असताना. हे गावाला माहीत नाही, म्हणून ते तिला चक्रम म्हणतं.

मागच्या वर्षी बाईंचे डोळे गेले. सुई टोचताना शीर दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच दवाखाना बंद केला आणि नागपूरला लेकीकडे गेल्या, त्याच लिफ्टच्या फ्लॅटात. पलीकडच्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे, भिंतीतून नुसती गाणी येतात. बाईंचा फोन रविवारी येतो. माणसांची खबर त्या विचारत नाहीत. बटन कशी आहे, ठेकेदाराच्या त्या निळ्या डोळ्यांच्या साहेबांना ऊन सोसतं का, पाटलाच्या गाईचं पोट बरं आहे का, एकेकाचं नाव घेऊन विचारतात. मी सगळ्यांची हजेरी देतो.

या हिवाळ्यात शिंगाड्या हायवेवर ट्रकखाली गेला. पुढचे दोन रविवार मी बाईंना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं की मी बरा आहे म्हणायचो आणि दुसरं काही तरी बोलायचो. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "शिंगाड्या काय खाऊन राह्यले सध्या?" खोटं बोलायलासुद्धा मला कुत्र्याच्या ताटलीत काय असतं ते ठाऊक असायला हवं होतं. मी गप्प राहिलो, आणि त्या समजल्या. मला वाटलं, आता मला झापतील, मीही तयार होतो. पण बाई म्हणाल्या, "मंग बुढीपाशी कोन आहे आता?"

त्या दिवसापासून मी दुकान उघडायच्या आधी ढिवर मोहल्ल्यातून फेरी मारून येतो. वाट लांबची पडते. डब्यात बायकोनं दिलेलं काहीबाही असतं. बुढीला आता जंगलात जाववत नाही, ती दारात बसलेली असते. रोज मला विचारते, "काऊन आला, भाऊ?" मी म्हणतो, सहज. मग ती डबा उघडते आणि मी काय आणलं आहे ते पाहते, आणि ती जेवेपर्यंत मी तिथंच बसतो.